एकटी बाई, सत्तरीपुढची

बुधवार, १८ डिसेंबर

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझा अपमान झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढेमागे कुणीतरी म्हणेल की बाईंना नीट आठवत नसेल. बाईंना सगळं आठवतं.

बेल वाजली. दारात दुकानाचा गाडीवाला. दुकान म्हणजे आमचं सेवाभावी दुकान. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे विकतात आणि त्यातून इतरांसाठी काय काय करतात. निवृत्त झाल्यापासून मी तिथे मागच्या खोलीत उभी राहून आलेल्या सामानाची निवड करते. फुकट. मला वाटलं, गाडीवाल्याला एखादा पत्ता सापडत नसेल. डिसेंबरात तो वर्षअखेरच्या भेटीची खोकी घरोघर पोचवतो आणि निम्म्या वेळा चुकतो. पण त्याने हातातल्या कागदावरून माझंच नाव माझ्या तोंडावर वाचलं आणि खोकं पायपुसण्यावर ठेवलं.

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. मी खोकी भरणारी आहे, घेणारी नव्हे.

"मावशी, पत्ता हाच आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटं आत येऊन बसू का? तसं सांगितलंय आम्हाला."

मी सांगितलं, गॅसवर दूध आहे. गॅसवर काहीही नव्हतं. दार लावून घेतलं.

खोकं उघडायची गरजच नव्हती. दोरी उभी-आडवी, मध्ये दुहेरी गाठ, टोकं सारखी कापलेली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला अशी गाठ शिकवली, आणि दुकानात ती माझ्याशिवाय एकालाही येत नाही. बाकीचे चिकटपट्टी गुंडाळत सुटतात, खोक्याचं हाड मोडल्यासारखी. हे खोकं मी भरलं होतं, गेल्या आठवड्यात, या हातांनी. वर नाव नसतं, नुसता नंबर आणि एक ओळ. या खोक्यावरची ओळ होती: 'एकटी बाई, सत्तरीपुढची'. या वर्गाची सगळी खोकी माझ्याकडेच आली, कारण बाकीच्यांना मुलांची खोकी भरायची असतात. खेळण्यांना किल्ली देऊन बघता येते ना.

आत काय आहे ते मला पाठ आहे. कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या. तपकिरी लोकरी मोजे. भांडी घासायच्या घासण्या. टॉर्च, सेल नसलेला. दुकानाने खोक्यांसाठी लाल शाली, अत्तराच्या छोट्या बाटल्या आणि गोड बिस्किटांचे डबे काढून ठेवले होते. ते मी बाजूला सारले. सत्तरीपुढच्या बाईला अत्तर लावून जायचं कुठे असतं?

वर कार्ड. भरणाऱ्याने खोक्यात चार शब्द लिहून ठेवायचे, असा नियम आहे. मी लिहिलं होतं: 'गरजा कमी ठेवाव्यात. नीटनेटके राहावे.'

अक्षर चांगलं आलं होतं.

गुरुवार, १९ डिसेंबर

दुकान उघडायच्या आत जाऊन पोचले. मागच्या खोलीत पिशव्यांचा डोंगर. डिसेंबर लागला की लोकांना दयेचा उमाळा येतो आणि तो नेमका माळा साफ करतानाच येतो. एका पायाचा बूट. तुकडे हरवलेली कोडी. ऐन थंडीत पोहायचे कपडे. आज एका बाईने अर्धी जळलेली मेणबत्ती दिली, वर रेशमी फीत बांधून. टाकून द्यायला हात धजत नाही म्हणून आमच्याकडे आणतात आणि जाताना असा चेहरा करतात की आता आपला फोटो काढणार आहेत. मी आजवर एकालाही धन्यवाद म्हटलेलं नाही. पिशवी त्यांच्यासमोर उघडते आणि एकेक वस्तू काढून टेबलावर मांडते. बरेच जण पुन्हा येत नाहीत. दुकानाचा त्यात फायदाच आहे, पण हे व्यवस्थापकबाईंना कोण समजावणार.

या बाई चाळिशीच्या. आम्ही मागच्या मागे त्यांना 'बघूया' म्हणतो. छत गळतंय म्हणा, नळ तुटलाय म्हणा, उत्तर एकच. मी त्यांना विचारलं, माझं नाव यादीत कुणी दिलं? त्या म्हणाल्या, नाव कुणीही सुचवू शकतं, आणि कुणी सुचवलं हे आम्ही सांगत नाही. मी म्हटलं, मला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे, दारिद्र्याचा दाखला मी कधी काढलेला नाही. तर म्हणतात कशा, ही यादी गरिबांची नाहीच. मागच्या वर्षापासून असं ठरलंय की सुट्टीच्या दिवसांत ज्यांच्याकडे कुणी येणार नाही त्यांना खोकं द्यायचं, म्हणजे त्या निमित्ताने कुणीतरी जाऊन घटकाभर बसेल.

"तुम्ही मीटिंगला नव्हता, काकू."

मी मीटिंगला जात नाही. तिथे बिस्किटं संपतात, ठराव एकही होत नाही.

मी म्हटलं, मग हा तर दुप्पट अपमान झाला. माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, ही काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे? आणि वर असलं खोकं. कुणाही भल्या बाईच्या दारात असलं खोकं ठेवायला लाज वाटायला हवी.

बघूयाबाई बशांना किमतीची लेबलं लावत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "खोक्यात नेमकं काय वाईट होतं?"

परवाना कार्यालयात मी अधीक्षक होते. ठेकेदार, वकील, मोठमोठ्यांचे मेहुणे माझ्यासमोर येऊन बसले आणि उठून गेले. उत्तरासाठी मी कधी अडले नाही.

"सगळं," मी म्हटलं. ॲप्रन काढून खिळ्याला लावला आणि निघाले.

दाराशी दातवाली भेटली. ही निवृत्त दंतवैद्य आहे. दुकानात कपबशांचं कपाट सांभाळते आणि गिऱ्हाईक हसलं की त्याच्या चेहऱ्याआधी दाढा बघते. तोंड अखंड चालू. अकरा वाजता आम्ही दोघी मागच्या पायरीवर चहा घेतो, कारण पायरी एकच आहे. तिने विचारलं, कुठे निघालीस? मी म्हटलं, कायमची. ती म्हणाली, "बरं. पण चहा घेऊन जा." मी थांबले नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

दुकानातून फोन नाही. काल नाही, आज नाही. वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा आणि निवडीच्या टेबलावर मी नाही. कुणाच्या हातून काय काय होत असेल याची कल्पनाही करवत नाही. करून पाहिली. खऱ्या लोकरीचा कोट उशांच्या अभ्र्यांत गेला असेल.

खोकं बैठकीत कोपऱ्यात ठेवलं आहे. बाहेर ठेवलं तर शेजारी विचारतील, आणि आतल्या खोलीत नेलं तर मी ते स्वीकारलं असा अर्थ होईल.

नाव कुणी दिलं असेल याचा विचार केला. पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीवर. तो हल्ली मला बघून मान खाली घालतो. ही अपराधी माणसाची खूण आहे. सकाळी जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं. तो बिचारा भिंतीला चिकटला. म्हणाला, "वहिनी, तुमचं नाव घ्यायला मी घरातसुद्धा दबकतो. बाहेर कुठे जाऊन देऊ?" हे पटण्यासारखं होतं. त्याला सोडून दिलं.

दुपारी दातवालीचा फोन. फोनवरही तसंच, पाणी भरायला लावून विसरलेल्या नळासारखं. कुणीतरी लग्नाचा रेशमी पोशाख पडद्यांमध्ये टांगला म्हणे. मी म्हटलं, मला त्याचं काय. मग तो कुठल्या रंगाचा होता ते विचारून घेतलं. तिने विचारलं, लेक येणार आहे का सुट्टीत? मी म्हटलं, ते लोक यंदा जावयांच्या आईकडे चालले आहेत आणि मला त्याचं काही नाही. ती म्हणाली, हे तू मागच्या महिन्यातही सांगितलं होतंस. तिच्या डोक्यात एक गोष्ट राहील तर शपथ, आणि हे मात्र बरं लक्षात राहिलं.

रविवार, २२ डिसेंबर

लेकीचा फोन रविवारी येतो. तिच्यावरही संशय होताच. तिकडे लांब बसून इथल्या दुकानाला कळवणं आजकाल काही अवघड नाही. मी आडवळण न घेता विचारलं. तिने शपथ घेऊन सांगितलं की नाही. मग म्हणाली, "आई, तू एकटी असतेस, हे कुणी सांगायला लागतं का?"

मी म्हटलं, बाथरूमचा नळ चालू राहिलाय वाटतं, आणि फोन ठेवला. जाऊन पाहिलं. बंद होता.

तिने पुन्हा फोन केला, पण मी जेवत होते.

सोमवार, २३ डिसेंबर

दातवाली घरी आली. न कळवता. ती आजवर कधी माझ्याकडे आलेली नाही, आणि आली ती थेट मोठ्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणे या बाजूला चाललेच होते. या बाजूला काहीही नाही, इस्त्रीवाला सोडला तर. आणि तो सोमवारी बंद असतो.

कोपऱ्यातलं खोकं तिने पाहिलं आणि गाठ ओळखली. मग परवानगी न विचारता उघडलं. आधी साबण काढला, मग मोजे. टॉर्चचं बटण दाबून पाहिलं. मग कार्ड वाचलं आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी, पोटावर हात. म्हाताऱ्या बाईने इतकं हसू नये, काहीतरी निखळायचं.

"हे तूच लिहिलंयस ना गं?"

मी म्हटलं, त्यात चुकीचं काय आहे? प्रत्येक शब्द बरोबर आहे.

"बरोबर तर आहेच," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घातली, तरी आ करा म्हणताना याहून गोड बोलायचे."

मग तिने मागच्या वर्षीचं सांगितलं. मागच्या वर्षी तिच्याही दारात खोकं आलं होतं. मला हे माहीत नव्हतं. तिचा मुलगा सुट्टीत सासरी जातो, यंदाही जाणार आहे. एकतीस तारखेला ती आणि तिचा टीव्ही. मागच्या खोक्यात एक हिरवी लोकरीची टोपी होती, गोंड्याची. इतकी भयानक की घालून आरशात पाहिलं आणि दिवसभर उतरवलीच नाही म्हणे. मी विचारलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, आला ना, दारातून गाडीवाला परत जाईपर्यंत. मग वाटलं, त्याला बसवून घ्यायला हवं होतं.

माझी बिस्किटं तिने जवळजवळ संपवली. उठताना पायांत चप्पल सरकवत म्हणाली, "बाकीच्या बायकांची खोकी उद्या सकाळी निघणार आहेत. सगळ्यांना तुझंच वाचायला मिळणार. नीटनेटके राहावे."

मी म्हटलं, मी दुकान सोडलं आहे.

"म्हणून तर सांगते. दुसऱ्या कुणाला ती गाठ सोडवता येत नाही. बघूया दातांनी सोडवायला निघाली होती, मी तिला थांबवलं. तिचे पुढचे दोन आधीच कच्चे आहेत."

ती गेल्यावर खुर्ची नेहमीच्या जागी सरकवली. मग वाटलं तिथेच बरी होती, उजेड येतो.

मंगळवार, २४ डिसेंबर

सकाळी दुकानात गेले. कामावर नाही, फक्त गाठी सोडवायला. हे मी दारातच स्पष्ट केलं. बघूयाबाई म्हणाल्या, बरं झालं आलात. ॲप्रन त्याच खिळ्याला होता. कपड्यांना धूळ लागू नये म्हणून घातला.

खोकी भिंतीशी रचून ठेवली होती. एकेक उघडलं. एकदा उघडल्यावर नीट तपासावं लागतं, तशी मला सवय आहे. साबण, मोजे, घासणी, टॉर्च. साबण, मोजे, घासणी, टॉर्च. एका ओळीत मांडलेलं पाहिलं तर वसतिगृहात सामान वाटायला काढल्यासारखं दिसत होतं. दोष अर्थात व्यवस्थापनाचा. भरलेल्या मालाची तपासणी करायला त्यांनी कुणी ठेवलेलंच नाही. माझ्या कार्यालयात असलं चाललं नसतं. बाहेर पडणारा प्रत्येक कागद दुसऱ्या नजरेखालून जायचा.

बघूयाबाईंनी लाल शालींचा गठ्ठा टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवला आणि टॉर्चचे सेल आणायला निघून गेल्या. मी शाली घातल्या. अत्तराच्या बाटल्या आधी हुंगून पाहिल्या आणि ज्यांचा वास झुरळांच्या औषधासारखा होता त्या वगळल्या. दातवाली कपाटातून एकेक सुटा कप घेऊन आली. जोडीचे नाहीत, एकेकटेच, पण काठ शाबूत असलेले. एवढी अक्कल तिला आहे.

साबण मी काढला नाही. साबण लागतोच.

कार्डांना सगळ्यात जास्त वेळ गेला. ओळख ना पाळख, अशा बाईला काय लिहायचं? दातवाली म्हणाली, तुला जे कुणी लिहिलेलं आवडलं असतं ते लिही. मी म्हटलं, मला लोकांनी न लिहिलेलंच आवडतं. शेवटी लिहिलं: 'थंडी फार आहे. शाल उबदार आहे, मी अंगावर घेऊन पाहिली. माणूस आला तर दोन घटका बसू द्यावं, तो लवकर जातो.' प्रत्येकीला हेच. वेगवेगळं लिहायला मी काही कवी नाही.

गाडी भरताना कळलं की गाडीवाल्याबरोबर आज जी बाई जाणार होती ती तापाने झोपली आहे. गाडीवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही चला. बायका मला घरात घेत नाहीत. तुम्हीसुद्धा घेतलं नाही." हे बोलायची गरज नव्हती. गेले.

पहिल्याच घरी अनुभव आला. दुसऱ्या मजल्यावर एक वाळकुडी बाई, दाराला साखळी, फटीतून एक डोळा. म्हणाली, कुणाकडून काही नको, आणि गॅसवर भाजी आहे. माणसाने इतकं धडधडीत खोटं बोलावं? मला तिथूनच तिचा ओटा दिसत होता, लख्ख आणि थंड. मी म्हटलं, गॅस बंद आहे, मला दिसतंय, आणि माझे गुडघे जिन्याने दुखताहेत, तेव्हा साखळी काढा. तिने काढली. रागाने काढली, पण काढली. आत गेल्यावर तिने दुकानाला, सरकारला आणि वरच्या मजल्यावरच्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. वरच्यांच्या बाबतीत तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. दहा मिनिटांचं ठरलं होतं. गाडीवाल्याने खालून हॉर्न वाजवला तेव्हा ती म्हणाली, त्याला वाजवू दे. शाल तिने माझ्यासमोर घेतली नाही. रस्त्यावरून वर पाहिलं तर खिडकीत लाल काहीतरी होतं.

एकूण फार असमाधानकारक दिवस. पाय सुजले आहेत. परवा उरलेल्या घरी जायचं आहे.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सगळी खोकी पोचली. एकीने मला सरकारी माणूस समजून वीजबिलाची तक्रार केली. मी ती लिहून घेतली, कारण तिचं बरोबर होतं. तिच्यासाठी अर्ज मी करणार आहे. दुसरी फारच बडबडी निघाली. दातवाली परवडली.

बघूयाबाईंनी जानेवारीच्या कामाच्या तक्त्यात माझं नाव परस्पर घातलं आहे. विचारलं नाही. मी ते खोडलं नाही, पण पेन्सिलीने आहे हे लक्षात ठेवलं आहे.

तेव्हा आता मूळ प्रश्नाकडे. कामात होते म्हणून मी तो विसरले असं कुणाला वाटत असेल तर त्याने तो समज काढून टाकावा. माझं नाव कुणीतरी दिलं. कुणीतरी बसून असं ठरवलं की या बाईकडे कुणी येणार नाही. कुणाला इतकं लक्ष ठेवायला वेळ आहे? घड्याळजी नाही, लेक नाही, बघूयाबाईंना दुकानाचं छत दिसत नाही तर मी काय दिसणार. दातवालीचा विचार मनात आला होता, पण ती एक गोष्ट पाच मिनिटं पोटात ठेवू शकत नाही. तिचं काम असतं तर मला त्याच दिवशी कळलं असतं.

पत्राचा मसुदा केला आणि तो दुकानाच्या सूचनाफलकावर लावायला तिच्याकडेच दिला, कारण सोमवारी मी वीज कार्यालयात असेन. तिने पायरीवर बसून वाचला. म्हणाली, भाषा कडक आहे. मी म्हटलं, आहेच. तिने विचारलं, आणि त्या माणसाने उत्तरच दिलं नाही तर? मी म्हटलं, शेवटचं वाक्य वाच. तिने वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग म्हणाली, "मला विचारशील तर तो माणूस उत्तर देणार नाही. मुळीच देणार नाही."

मी म्हटलं, तो त्याचा प्रश्न. नक्कल इथे ठेवते आहे.

'दुकानाशी संबंधित सर्वांना. दि. १८ डिसेंबर रोजी माझ्या घरी आलेल्या खोक्यासाठी माझं नाव कुणी सुचवलं आणि कोणत्या माहितीवरून, हे मला संबंधित व्यक्तीने स्वतःच्या सहीनिशी लेखी कळवावं. तोंडी खुलासा, फोन किंवा हसणं हे उत्तर धरलं जाणार नाही. मुदत मंगळवार, ३१ डिसेंबर, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत. ती वाढवून मिळणार नाही. सहापर्यंत लेखी उत्तर हाती न आल्यास ती व्यक्ती कोण हे मी शोधून काढीन, त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाईन, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तिथून उठणार नाही, मग नवीन वर्ष उजाडलं तरी बेहत्तर.'